समुद्र ढवळतं कोण?

विषुववृत्ताजवळ समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी 28 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तिथूनच सरळ चार किलोमीटर खाली गेलं, तर तापमान जेमतेम दोन अंश. हा गारठा ध्रुवांकडून येतो. ग्रीनलंडच्या आसपास आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत थंड, खारं, म्हणून जड झालेलं पाणी बुडतं आणि तळालगत जगभर पसरतं.

मला खरी ओढ लागते ती पुढच्या प्रश्नाची. हे थंड पाणी शतकानुशतकं खाली साचतच राहिलं, तर समुद्र पार वरपर्यंत गार का होत नाही? वरची उष्णता खाली उतरत असलीच पाहिजे. पण समुद्र तापतो वरून, आणि कोमट पाणी हलकं असल्यानं वरच राहतं. फक्त रेणूंच्या आपसातल्या धक्क्यांवर विसंबलं, तर चार किलोमीटर उतरायला उष्णतेला तीसेक लाख वर्षं लागतील.

म्हणजे समुद्र कोणीतरी ढवळायला हवा. पाण्यात शाईचा थेंब टाकून ढवळून पाहा. थेंब ताणला जातो, दुमडतो, त्याचे बारीक धागे होतात. शेवटचं मिसळणं रेणूच करतात, पण आता त्यांना मिलिमीटरभरच अंतर कापायचं असतं. उष्णतेचंही अगदी असंच होतं.

खोल समुद्र असा आहे तसा राहायला किती ढवळणं लागेल, याचा हिशेब समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी 1966 साली मांडला. प्रत्यक्ष मोजमापांत मात्र खुल्या समुद्रात त्याचा दहावा हिस्साच सापडत होता. 1992 साली जिम लेडवेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर अटलांटिकमध्ये सुमारे 300 मीटर खोलीवर सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू सोडला आणि त्याचा माग काढला. काही महिन्यांत तो आडवा शेकडो किलोमीटर पसरला, उभा मात्र काही डझन मीटरच. मग उरलेलं ढवळणं होतं कुठे?

1996 साली ब्राझीलच्या पूर्वेकडच्या खोल समुद्रात तसाच प्रयोग झाला आणि धागा हाती लागला. सपाट तळावर पाणी शांत होतं, पण मध्य अटलांटिक पर्वतरांगेच्या खडबडीत उतारांवर मिसळण्याचा जोर कितीतरी पटींनी जास्त होता. तोही उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेजवळच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत वाढे, आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत उतरे. हा चंद्राचा हात! भरती-ओहोटीचं पाणी बुडालेल्या डोंगरांवरून पुढेमागे जातं, तेव्हा पाण्याच्या पोटात लाटा उठतात. फिलिपिन्स आणि तैवानमधल्या लुझॉन सामुद्रधुनीतून निघणाऱ्या अशा लाटा 200 मीटरपेक्षाही उंच होतात, आणि वर जहाजावरच्या माणसाला त्यांची जेमतेम चाहूल लागते. त्या फुटतात तिथे कोमट आणि गार पाणी एकमेकांत घुसळलं जातं. चंद्राच्या जोडीला वाराही हे काम करतो.

हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली आहे. ती किती खोल आणि किती वेगानं उतरेल, हे काही अंशी या फुटणाऱ्या लाटांवरही ठरतं. हवामानाच्या जागतिक प्रारूपांत, म्हणजे संगणकावरच्या प्रतिकृतींत, समुद्र चौकोनांत विभागलेला असतो आणि ते चौकोन बहुधा कित्येक किलोमीटरचे असतात. लाट फुटते ती काही मीटरांत. त्यामुळे ती प्रारूपांत दिसत नाही, तिच्या जागी एक सूत्र घालावं लागतं. ते सूत्र अचूक व्हावं म्हणून आजही जहाजांवरून नाजूक तापमापकं खोल पाण्यात सोडली जातात आणि अंशाच्या हजाराव्या भागाइतके चढउतार टिपले जातात.