नाटकाचं सेन्सॉर (महाराष्ट्र)

नाटक रंगमंचावर यायच्या आधी त्याची संहिता सरकारी मंडळाला दाखवून प्रमाणपत्र घ्यायचं, ही महाराष्ट्रातली पद्धत. मंडळाचं अधिकृत नाव रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, पण नाटकवाले एवढं लांब नाव घेत बसत नाहीत, सेन्सॉर म्हटलं की झालं. सिनेमाच्या सेन्सॉरशी याचा संबंध नाही. ते केंद्र सरकारचं आणि १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालचं, हे राज्याचं आणि पोलीस कायद्याखालचं. नाटक पोलिसांच्या कायद्यात कसं जाऊन बसलं यावर मात्र एकमत नाही.

बहुतेक लेखक याचं मूळ १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यात दाखवतात. ती गोष्ट कलकत्त्याची. प्रिन्स ऑफ वेल्स तिथे आलेला असताना जगदानंद मुखर्जी नावाच्या बड्या वकिलाने त्याला घरी नेलं, घरातल्या बायकांनी त्याचं स्वागत केलं, शहरात बोभाटा झाला आणि ग्रेट नॅशनल थिएटरने त्यावर 'गजदानंद ओ युवराज' हे प्रहसन केलं. पोलिसांनी ते बंद पाडलं, मंडळींनी नाव बदलून परत लावलं, शेवटी व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने २९ फेब्रुवारी १८७६ ला अध्यादेश काढला आणि वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. आता हे एकच प्रहसन कारण होतं का, तर इथेही मतं वेगळी आहेत. काहीजण मागे 'नीलदर्पण'पर्यंत जातात, ते निळीच्या मळेवाल्यांवरचं नाटक १८७२ पासून कलकत्त्यात पैसे घेऊन होत होतं. बिल मांडताना व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले कायदा सदस्य हॉबहाऊस यांनी मात्र चहाच्या मळेवाल्यांवरच्या 'चाकर दर्पण'चा दाखला दिला होता. त्यात १८७५ मध्येच बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलेलं, त्यावर बंगालीत आणि मराठीतही नाटकं आली होती. त्यामुळे राजपुत्राची टिंगल हे निमित्त आणि मळेवाले व संस्थानं ही खरी काळजी, असं मानणं जास्त पटतं.

पण या कायद्याची रचना नीट पाहिली तर आजच्या सेन्सॉरचा बाप तो नाही असंच वाटतं. त्यात प्रत्येक नाटक आधी तपासून घ्यायची सक्ती नव्हती. सरकारला एखादं नाटक बदनामीकारक, राजद्रोही किंवा अश्लील वाटलं तर त्यावर बंदी घालता यायची, गरज पडली तर संहिता मागवता यायची, आणि कलम १० खाली एखाद्या ठराविक भागापुरती परवान्याची अट लावता यायची. सरसकट असं काही नाही. 'कीचकवध'चं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे पण त्यातली ही बाजू कोणी बोलत नाही. कृ. प्र. खाडिलकरांचं हे नाटक १९०७ मध्ये आलं, कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं, आणि तरी ते जवळपास ३ वर्षं बिनबोभाट चाललं. २१ डिसेंबर १९०९ ला नाशकात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, तोही 'शारदा'च्या प्रयोगाला आलेला असताना थिएटरातच, आणि १९१० मध्ये 'कीचकवध'वर बंदी आली. आधी संहिता वाचायची पद्धत असती तर पहिल्याच प्रयोगाला पडदा उघडला नसता.

दुसरं मत असं की आजचं सेन्सॉर आलं ते मेळे (गणेशोत्सवात गाणी आणि संवाद करणारी पथकं) आणि तमाशाच्या वाटेने. गणपतीच्या मेळ्यांची पदं राजकीय व्हायला लागल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांच्यावर पोलिसांची नजर बसली, आणि मुंबईत करमणुकीच्या जागांना परवाना देणं हे तर आधीपासून पोलिसांचंच काम होतं. स्वातंत्र्यानंतर साधारण १९४७-४८ च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली, आणि बंदी उठली ती वग-लावण्या तपासून घ्यायच्या अटीवर. तपासणी मंडळ १९५४ चं धरतात. पुढे मुंबई पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३३ खाली १९६० मध्ये नियम झाले, त्यांच्या मथळ्यातच 'मेळे आणि तमाशे धरून' असं येतं. हे दुसरं मत कागदपत्रांशी जास्त जुळतं. म्हणजे शिवाजी मंदिरातल्या मध्यमवर्गीय नाटकाला जी कात्री लागली ती मुळात फडावरच्या तमाशगिरांसाठी धार लावून ठेवलेली होती, आणि त्यांना लागत होती तोवर नाट्यसृष्टीतून फारशी ओरड झाली नाही हेही खरं.

घटनेच्या बाजूने बघितलं तर कलम १९(१)(अ) भाषणस्वातंत्र्य देतं आणि १९(२) त्याला मर्यादा घालतं, त्यातला 'वाजवी' हा शब्द आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा आधार १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आला. छापील मजकुरावर आधीच बंधन घालणं सुप्रीम कोर्टाने १९५० मध्येच ब्रिजभूषण खटल्यात नाकारलं होतं, सिनेमाचं पूर्वपरीक्षण मात्र १९७० च्या के. ए. अब्बास खटल्यात मान्य केलं. नाटक या दोघांच्या मधे लोंबकळतंय. तेच संवाद पुस्तकात छापून दुकानात विकता येतात, नटाने तोंडाने म्हणायचे तर शिक्का लागतो. १८७६ चा कायदा अलाहाबाद हायकोर्टाने १९५६ मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि पुढे संसदेनेही तो पुस्तकातून काढून टाकला. खुद्द इंग्लंडात लॉर्ड चेंबरलेनची नाटकं तपासायची पद्धत १९६८ मध्ये गेली.

व्यवहारात संहितेच्या प्रती द्यायच्या, सदस्य वाचतात, कट सुचवतात, मग घासाघीस. १९७० च्या 'गिधाडे'चा किस्सा प्रसिद्ध आहे. गर्भपात झालेल्या बाईच्या साडीवरचा लाल डाग सेन्सॉरला चालेना, तेव्हा तो निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की सेन्सॉरची हरकत आहे म्हणून डाग निळा दिसेल, तुम्ही तो लाल समजा. 'सखाराम बाइंडर' १९७२ मध्ये अडकलं तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात आलेल्या 'घाशीराम कोतवाल'ची गोष्ट वेगळी. ते सरकारने बंद केलं नाही, नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वाद पेटल्यावर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेनेच थांबवलं, मग कलाकारांनी थिएटर ॲकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं. प्रमाणपत्र खिशात असूनही प्रयोग होत नाही हा अनुभव तेव्हापासूनचा. १९८९ च्या रंगराजन खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की निदर्शनांच्या धमकीपुढे सरकारने हात टेकायचे नसतात, पण ते सिनेमाबद्दल होतं, आणि थिएटरच्या दारात जमाव आला की प्रयोग रद्द करणं व्यवस्थापकाला सोपं पडतं. १९९८ मध्ये 'मी नथुराम गोडसे बोलतोय'वर राज्य सरकारनेच बंदी घातली, कोर्टबाजीनंतर ते परत आलं.

गोव्यात पोर्तुगीज राजवटीत तियात्रांच्या (कोकणी संगीत नाटकांच्या) संहिता तपासल्या जायच्या, आज तिथे महाराष्ट्रासारखं मंडळ नाही. गुजरातेत जुन्या मुंबई राज्याचा वारसा म्हणून असंच परीक्षण राहिलं.

स्टँडअपवाल्यांना हे सगळं कळलं ते २०१५ मध्ये. एआयबी या विनोदी गटाचा रोस्ट, म्हणजे पाहुण्यांची जाहीर टिंगल करायचा कार्यक्रम, आदल्या डिसेंबरात वरळीला झाला होता, व्हिडिओ यूट्यूबवर आल्यावर गुन्हे दाखल झाले आणि सरकारने कार्यक्रमाला परवानगी होती का याचीही चौकशी लावली. २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी पूर्वपरीक्षणाच्या नियमांनाच मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं. पोलीस कायदा आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो, कलम ३३ आहे तिथेच आहे, आणि राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थांना अर्जासोबत संहितेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.