चार खटके, पाच गोळ्या

जुन्या धाटणीच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्यानं सावकाश मागे ओढला की चार खटके ऐकू येतात. कोल्टचे भक्त म्हणतात, बंदूक आपलं नाव उच्चारते: सी, ओ, एल, टी. गंमत बाजूला ठेवली तरी त्या चार खटक्यांत अख्खं यंत्र सामावलेलं आहे. पहिल्या खटक्याला घोडा सुरक्षेच्या खाचेत अडकतो. दुसऱ्याला तो अर्ध्यावर थांबतो आणि काडतुसं भरता यावीत म्हणून सिलिंडर मोकळं फिरू लागतं. तिसऱ्याला खालून एक छोटी खिट्टी वर येऊन सिलिंडरला टेकते. चौथ्याला घोडा पूर्ण चढलेला असतो, खिट्टी आपल्या खाचेत बसलेली असते आणि एक काडतूस नळीच्या बरोबर मागे येऊन थांबलेलं असतं.

एवढं सगळं अंगठ्यानं केल्यावर चापाला एकच काम उरतं, अडकलेला घोडा सोडून देणं. म्हणून ही ‘सिंगल ॲक्शन’. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चापच घोडा चढवतो आणि सोडतोही. त्यामुळे तो ओढायला चार-पाच किलोचा जोर लागतो, तर सिंगल ॲक्शनला दीड-दोन किलो पुरतात. बंदुकीचं स्वतःचं वजन साधारण ११०० ग्रॅम. वस्तूच्या वजनाच्या चौपट जोर एका बोटानं लावायचा आणि ती वस्तू हलू द्यायची नाही, हे किती कठीण ते करून पाहिल्यावरच कळतं. दीडशे वर्षांपूर्वीची ही रचना कागदावरच्या नेमबाजीला आजही चालते, त्याचं पहिलं कारण हे.

कोल्टची ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ अमेरिकेच्या सैन्यानं स्वीकारली १८७३ मध्ये. कंपनी काढणारा सॅम्युअल कोल्ट तोवर हयात नव्हता, तो १८६२ सालीच गेला. घोडदळासाठी साडेसात इंची नळी, पुढे साडेपाच आणि पावणेपाच इंची. आज ही रिव्हॉल्व्हर घेणारे बहुतेक जण दोन प्रकारचे. एक, शांतपणे २५ यार्डांवर कागद फोडणारे. दुसरे ‘काउबॉय ॲक्शन’ स्पर्धेतले, टोपी-बूट घालून, टोपणनाव घेऊन जवळच्या पोलादी पाट्यांवर वेळ लावून बार काढणारे. या खेळाची सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी अमेरिकेत १९८७ पासून आहे. हा सगळा मामला तिकडचाच. भारतात तो जवळपास नाही आणि आपला १९५९ चा शस्त्र कायदा पाहता होण्याची शक्यताही कमी. पण टेक्सास-ॲरिझोनात स्थायिक झालेला एखादा मराठी माणूस शेजाऱ्याबरोबर रेंजवर जातो, एकदा हातात घेतो आणि मग विचारतो, ‘घ्यायची तर कोणती?’ (व्हिसावर असाल तर थांबा. तिथे बंदूकखरेदीचे नियम तुमच्यासाठी वेगळे आणि कडक आहेत.)

मनाचं उत्तर ठरलेलं असतं: .४५ कोल्ट (आकडा म्हणजे गोळीचा ढोबळ व्यास, इंचात). पडद्यावर पाहिलेली तीच. आता जरा गणित करू.

.४५ ची गोळी साधारण १६.५ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे २६० मीटर. संवेगाच्या नियमानुसार जेवढा संवेग गोळी आणि दारूचा वायू पुढे नेतात, तेवढाच बंदुकीला मागे मिळतो. ११०० ग्रॅमची बंदूक मग सेकंदाला जवळजवळ साडेचार मीटर वेगानं हातावर येते. तीच बंदूक एक मीटर उंचीवरून तळहातावर टाकली, तर तिचा वेग एवढाच असेल. आता .३८ स्पेशल घ्या: गोळी १० ग्रॅमची, वेग २३५ मीटरच्या आसपास. बंदूक मागे येते सेकंदाला अडीच मीटरनं, म्हणजे ३० सेंटिमीटरवरून पडल्यासारखी. आणि .२२ ची अडीच ग्रॅमची गोळी? चार सेंटिमीटर. टेबलावरून पुस्तक जरा उचलून सोडावं, तेवढंच.

धक्का हातापेक्षा डोक्याला जास्त त्रास देतो. पाच-दहा बार झाले की मेंदू पुढच्या दणक्याची वाट पाहू लागतो. चाप सुटण्याच्या क्षणी डोळे मिटतात, मनगट खाली दबतं आणि गोळी लक्ष्याच्या खाली जाते. हे ओळखायची युक्ती जुनी आहे. मित्रानं भरून द्यायचं आणि मध्येच एक घर रिकामं ठेवायचं. रिकाम्या घरावर घोडा पडतो, आवाज येत नाही, पण नळीचं टोक ठळकपणे खाली डुचकी मारतं. मारणाऱ्याचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा असतो. ऑलिंपिकची २५ मीटर पिस्तुल स्पर्धा .२२ चीच असते, आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. छोटी गोळी ही नवशिक्यांसाठीची तडजोड आहे, असं समजायचं काही कारण नाही.

पण गोळी नळीतून बाहेर पडल्यावर धक्का बसतो, हा समज खरा नाही. दारू पेटली की गोळी आणि बंदूक एकाच वेळी विरुद्ध दिशांना निघतात. साडेपाच इंची, म्हणजे १४ सेंटिमीटरच्या नळीतून गोळी बाहेर पडायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात .४५ ची बंदूक दोन मिलिमीटर मागे सरकलेली असते. नळी मुठीच्या वर असल्यानं ती नुसती मागे येत नाही, टोक वर करत येते. म्हणजे गोळी सुटते तेव्हा नळी नेम धरलेल्या जागेपेक्षा थोडी वर पाहत असते. बनवणारे हे जाणून असतात. म्हणून पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, ते उंच ठेवतात, नेम धरताना नळी प्रत्यक्षात किंचित खाली रोखलेली असते आणि उरलेलं काम धक्का करतो.

यातून एक उलटा वाटणारा परिणाम निघतो. वेगवान, हलकी गोळी खाली लागते आणि जड, संथ गोळी वर. संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर टोक अधिक उचललं जातं. अस्सल काउबॉय रिव्हॉल्व्हरला मागच्या बाजूला हलवता येणारी माशी नसते, सिलिंडरभोवतीच्या चौकटीच्या वरच्या पट्टीत कोरलेली एक खोबण, बस्स. त्यामुळे काडतूस बदललं की नेम बदलतो, आणि तो सुधारायचं हत्यार म्हणजे कानस. गोळ्या खाली पडत असतील तर पुढची माशी घासायची. किती? २५ मीटरवर पाच सेंटिमीटर खाली पडत असतील आणि माशी ते खोबण अंतर १७ सेंटिमीटर असेल, तर एक मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. दोन घासे, पाच बार, पुन्हा दोन घासे. एकदम घासली तर परत लावता येत नाही! म्हणून आधी आपलं एक काडतूस ठरवा, मग कानस उचला. हा उद्योग नको असेल तर रुगर या अमेरिकी कंपनीच्या ‘ब्लॅकहॉक’सारखी, मागची माशी स्क्रूनं हलवता येणारी घ्यावी. दिसायला ती तितकी जुनी नाही, पण १९५५ पासून बनते आहे.

नळीच्या लांबीचा प्रश्नही याच अंतराशी जोडलेला आहे. पावणेपाच इंचीत माशी ते खोबण अंतर सुमारे १५ सेंटिमीटर, साडेसात इंचीत २२. दोन्हीत नेम धरताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली असं धरा. २५ मीटरवर पहिलीची गोळी आठ सेंटिमीटर चुकते, दुसरीची पावणेसहा. शिवाय लांब नळीचं वजन पुढे असतं, त्यामुळे टोक लवकर थरथरत नाही. लांब काठी हातात धरली की हेच जाणवतं. चाळिशी लागलेल्यांना आणखी एक फायदा. स्पष्ट दिसायला हवी ती पुढची माशी. लक्ष्य जरा धूसर झालं तरी चालतं. लांब नळीत ती डोळ्यापासून सात सेंटिमीटर दूर जाते आणि वाचायच्या चष्म्याशिवायही कडा थोड्या सुधारतात. मी स्वतः साडेपाच इंचीच्या बाजूचा. साडेसात इंची काढता-ठेवताना अडते, आणि उभं राहून बराच वेळ धरली की खांदा बोलू लागतो.

आता ज्याकडे दुकानात कोणी फारसं पाहत नाही ते. रिव्हॉल्व्हरला एक नळी असली तरी खोल्या सहा असतात, आणि गोळी आधी खोलीच्या पुढच्या तोंडातून जाते, मग बारीक फटीवरून उडी मारून नळीत शिरते. (ही फट मिलिमीटरचा सहावा-सातवा हिस्सा असते. तिच्यातून बाजूला तापलेला वायू आणि शिशाचे कण उडतात. बोटं सिलिंडरच्या पुढे नकोत, चष्मा आणि कान झाकणं सक्तीचं, नंतर हात धुणं विसरू नये.) खोलीचं तोंड नळीच्या आतल्या, गोळीला गिरकी देणाऱ्या खाचांपेक्षा अरुंद असेल, तर शिशाची गोळी तिथेच दाबून बारीक होते आणि नळीत सैल राहते. खाचांना ती नीट पकडत नाही, गिरकी बिघडते, नळीत शिसं चिकटतं. .४५ कोल्टमध्ये हा घोळ जास्त, कारण जुन्या नळ्यांचा खाचांसह व्यास .४५४ इंच होता आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो .४५१-.४५२ वर आला. फरक फार तर एका केसाच्या जाडीएवढा, पण खोल्यांची तोंडं प्रत्येक बनावटीत त्याच्याबरोबर बदललीच असं नाही. साधी परीक्षा: सिलिंडर काढायचं आणि नुसती शिशाची गोळी सहाही तोंडांतून बोटानं ढकलून पाहायची. हलक्या जोरानं सहाही सारख्या गेल्या तर उत्तम. एकीत घळकन पडली आणि दुसरीत अडकली, तर ही बंदूक सहा वेगवेगळ्या बंदुका आहे असं समजा.

.४५ ची दुसरी अडचण तिच्या जन्मतारखेची. धूरविरहित दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यानं बनवली. .४५ ची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं दारू भरायचं नळकांडं, त्याआधीची, अडीच ग्रॅमच्या वर काळी दारू मावेल अशी ऐसपैस. आजच्या हलक्या भरणीत अर्ध्या ग्रॅमहून कमी दारू पुरते, आणि ती त्या मोठ्या पुंगळीत वाळूसारखी इकडेतिकडे सरकते. नळी खाली करून उचलली तर दारू गोळीकडे, वर करून आणली तर टोपीकडे, म्हणजे बुडाशी ठोका बसून दारू पेटवणाऱ्या भागाकडे. पेटण्याची रीत बदलते, वेग बदलतो, आणि कागदावर गोळ्या उभ्या रेषेत पसरतात. माणूस स्वतःच्या श्वासाला दोष देत बसतो.

म्हणून माझा कौल .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरला, पण त्यात काडतुसं .३८ स्पेशलची घालायची. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच. मॅग्नमची पुंगळी फक्त साडेतीन मिलिमीटरनं लांब. उलटं मात्र नाही, .३८ च्या बंदुकीत मॅग्नम कधीच नाही. चौकट .४५ च्याच मापाची असली तर भोकं लहान म्हणून पोलाद जास्त उरतं, धक्का आणखी कमी होतो. खोल्या मॅग्नमच्या लांबीच्या असल्यानं .३८ च्या तोंडापुढे काजळीचं कडं जमतं, ते मात्र ब्रशनं काढत राहावं लागतं.

मुठीबद्दल थोडंसंच. कोल्टची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वाकडी असते आणि धक्क्यानं हातात गोल फिरते. याला दोष म्हणावं तर घोडा आपोआप अंगठ्याखाली येतो. १८९४ साली कोल्टनं फक्त नेमबाजांसाठी वेगळी मूठ काढली आणि इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या प्रसिद्ध मैदानाच्या नावावरून तिला ‘बिस्ली’ म्हटलं. ती हातात कमी फिरते. काहींना फार आवडते, काहींना बिलकूल नाही.

राहिल्या पाच गोळ्या. १८७३ च्या रचनेत घोड्याची सुई खाली बसली की थेट काडतुसाच्या टोपीवर टेकते. बंदूक दगडावर पडली तर बार उडू शकतो, आणि पहिल्या खटक्याची ती सुरक्षेची खाच अशा दणक्यात मोडते. म्हणून रीत अशी: एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण चढवा आणि अलगद खाली आणा. तो रिकाम्या खोलीवर येतो. रुगरनं १९७३ मध्ये यावर उपाय काढला. घोडा आणि सुई यांच्यामध्ये एक पोलादी पट्टी, चाप दाबलेला असेल तेव्हाच ती वर येते आणि घोड्याचा ठोका सुईला पोचवते. चाप सुटला की पट्टी खाली. त्यामुळे त्यात सहाही गोळ्या भरून ठेवता येतात. चार खटके मात्र गेले. कोल्टवाले अजून त्यावरून नाक मुरडतात. इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पिया इथे उबेर्ती ही कंपनी १९५९ पासून जुन्या घडणीच्या प्रतिकृती बनवते, खटके ऐकायचे असतील तर कोल्टहून स्वस्तात तिथे मिळतात. काउबॉय स्पर्धेच्या मैदानावर मात्र रुगरवाल्यालाही पाचच भरता येतात.