प्रवाळाच्या फांदीत कोण बसलंय?

घरच्या खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या टँकचे दिवे मालवून तासभर झाला की लाल टॉर्च घेऊन काचेला नाक लावून बसावं. लाल उजेडाने खेकडे फारसे बिचकत नाहीत. दिवसभर दगडाच्या सांदीत दडून बसलेली मंडळी मग निवांत बाहेर पडतात. अशाच एका रात्री आमच्या एमराल्ड क्रॅबला, म्हणजे शेवाळ खाण्यासाठी टँकमध्ये ठेवलेल्या खेकड्याला, मी रंगेहाथ पकडलं. मोठ्या, मांसल तोंडाच्या एका प्रवाळाला दहा मिनिटांपूर्वीच खाण्याचा दाणा भरवला होता. हे महाशय त्या प्रवाळाच्या अंगावर चढले, एक नांगी थेट त्याच्या तोंडात घातली, दाणा ओढून काढला आणि तिथेच बसून खाल्ला. सकाळी पाहतो तर प्रवाळ पार आक्रसलेलं. रात्रीचा प्रकार पाहिला नसता तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, की खेकडा प्रवाळ खातो.

त्याने प्रवाळ खाल्लं नव्हतं, चोरी केली होती. पण त्या धसमुसळेपणाचा त्रास प्रवाळाला व्हायचा तो झालाच. रोज रात्री असंच चाललं तर उपाशी राहून आणि ओरबाडलं जाऊन ते प्रवाळ मरूही शकतं. म्हणून ‘हा खेकडा रीफ सेफ आहे का?’, म्हणजे प्रवाळांच्या टँकमध्ये निर्धोक आहे का, या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर देणं मला अवघड जातं. बहुतेक खेकडे मिळेल ते खाणारे. शेवाळ, मेलेला मासा, गोगलगाय, माशांचं उरलेलं खाणं, सगळं चालतं. आज पोटभर शेवाळ आहे म्हणून जो साधू असतो, तोच शेवाळ संपल्यावर कुठे तोंड घालेल याची खात्री नसते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला असतो ट्रॅपेझिया. पोसिलोपोरा नावाच्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळात हे जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे, गुळगुळीत पाठीचे खेकडे राहतात. एका प्रवाळात बहुधा नर-मादीची एकच प्रौढ जोडी असते, आणि ती दुसऱ्या कोणाला आत शिरू देत नाही. प्रवाळ अंगातून जो चिकट स्राव सोडतं तो आणि त्यात अडकलेले अन्नकण हे यांचं मुख्य जेवण. पायांच्या टोकाला बारीक केसांचे कंगवे असतात, त्यांनी हा स्राव विंचरून घेतात. प्रवाळही हात आखडता घेत नाही. आत खेकडे असले की पोसिलोपोराच्या पॉलिपांच्या, म्हणजे प्रवाळ ज्यांचं बनलेलं असतं त्या इवल्या जिवांच्या, टोकांवर चरबीचे इवलेसे दाणे जास्त तयार होतात, आणि खेकडे ते खातात.

या पाहुणचाराची परतफेड होते राखणदारीने. ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ हा काटेरी तारामासा प्रवाळांचा कर्दनकाळ. तो प्रवाळावर पसरतो, जठर तोंडातून बाहेर काढतो आणि जिवंत ऊती जागच्या जागी पचवून मागे पांढरा सांगाडा ठेवतो. 1970च्या दशकात संशोधक पीटर ग्लिन यांनी पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पाहिलं, की हा तारामासा पोसिलोपोरावर चढू लागला की ट्रॅपेझिया फांद्यांतून धावत बाहेर येतात, त्याचे नळीसारखे पाय चिमटतात, काटे धरून हलवतात आणि त्याला माघारी पाठवतात. आकारातली तफावत पाहिली तर हा उंदराने रेड्याला हाकलण्याचा प्रकार आहे.

मला मात्र त्यांचं झाडलोटीचं काम जास्त आवडतं. 2006मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाजवळच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फांद्यांच्या दोन जातींची प्रवाळं समुद्रात लावली, काहींत खेकडे ठेवले, काहींतले काढून घेतले. खेकडे असलेली सगळी प्रवाळं जगली. नसलेल्यांपैकी 45 ते 80 टक्के महिन्याभरात मेली. वरून बसणारा गाळ प्रवाळाला गुदमरवतो, आणि खेकडे तो सतत खाली लोटत असतात. त्यातही प्रवाळाला सर्वांत घातक ठरणारे जे कण, तेच ते सर्वांत चांगले साफ करतात, असं प्रयोगशाळेत दिसलं.

आता टँककडे येऊ. नवीन पोसिलोपोरा घरी आणलं, फांद्यांत दोन डोळे चमकले, की नवखा माणूस आधी चिमटा शोधतो. मीही शोधला होता. अर्धा तास खटपट करून बिचाऱ्याला बाहेर काढलं, त्या नादात प्रवाळाच्या दोन फांद्या मोडल्या, आणि मग कळलं की मी घरच्या वॉचमनलाच हाकलून दिलं.

तर मग ओळखायचं कसं? मी आधी नांगी पाहतो. जातीचं नाव माहीत नसलं तरी नांगीचं टोक बरंच काही सांगून जातं. एमराल्ड क्रॅबच्या नांगीची टोकं चमच्यासारखी खोलगट असतात. दगडावरचं शेवाळ खरवडायचं ते अवजार. बबल अल्गी म्हणजे हिरव्या काचेच्या मण्यांसारखं दिसणारं शेवाळ, ज्याचा एकेक फुगा ही एकच अवाढव्य पेशी असते. ते खाणारे प्राणी थोडे आहेत, आणि एमराल्ड क्रॅब त्यांतला एक. याउलट लाईव्ह रॉकच्या, म्हणजे टँकमध्ये ठेवलेल्या जिवंत जीवांनी भरलेल्या खडकाच्या, भोकातून केसाळ पाय आणि काळ्या टोकांच्या जाडजूड नांग्या डोकावल्या तर सावध व्हावं. झँथिड कुळातल्या या खेकड्यांना हौशी लोक ‘गोरिला क्रॅब’ म्हणतात. त्यांच्या नांग्या शिंपले आणि शंख फोडण्यासाठीच्या असतात. त्यातले सगळेच प्रवाळांच्या वाटेला जात नाहीत, पण मोठा झालेला गोरिला क्रॅब टँकमध्ये राहू द्यावा असं मी कुणाला सांगणार नाही.

शेवाळखाऊ खेकड्यांची ताकद समुद्रातही मोजली गेली आहे. फ्लोरिडा कीज इथे संशोधकांनी शेवाळाने झाकलेल्या प्रवाळखडकांवर कॅरिबियन किंग क्रॅब सोडले. हा एमराल्ड क्रॅबच्याच नात्यातला, पण आकाराने राक्षसी. शेवाळाचं आच्छादन 50 ते 80 टक्क्यांनी घटलं आणि नव्याने रुजणारी प्रवाळं तीन ते पाच पटींनी वाढली. खेकडे आणि प्रवाळ एकत्र नकोत असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवायला हवेत. अर्थात समुद्राला काच नसते. तिथे भुकेला खेकडा पुढच्या खडकाकडे जातो, टँकमध्ये तो प्रवाळाकडे वळू शकतो.

हर्मिट क्रॅबचा धोका प्रवाळांना नाही, गोगलगायींना आहे. मोठा शंख हवा झाला की तो आतल्या धन्याला मारून घर बळकावतो. थोडे रिकामे शंख टाकून ठेवले की खून कमी होतात. ॲरो क्रॅब ब्रिसलवर्म नावाचे केसाळ किडे खातो खरा, पण शोभेचे पिसाऱ्याचे किडे आणि झोपलेले छोटे मासेही सोडत नाही. पोर्सेलिन क्रॅब निर्धोक. तो तोंडापाशी पंखे पसरून पाण्यातले कण गाळून खातो, आणि काटेकोर बोलायचं तर तो खरा खेकडाही नाही. डेकोरेटर क्रॅबचं दुखणं वेगळंच आहे. तो प्रवाळ खाण्यासाठी नव्हे, पाठीवर लावण्यासाठी कापतो. कवचावरच्या आकड्यांसारख्या केसांत तो स्पंज आणि पॉलिप अडकवून मिरवतो. आपल्या महागड्या झोअँथिडची, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातल्या रंगीत पॉलिपांची, वसाहत खेकड्याच्या पाठीवर बसून टँकभर हिंडताना दिसली तर हसावं की रडावं कळत नाही.

खेकड्यावर आळ घेण्याआधी एक गोष्ट तपासावी. मरणाऱ्या प्रवाळावर खेकडा दिसला म्हणजे त्यानेच मारलं असं नसतं. कुजणाऱ्या ऊतीचा वास त्याला लांबून येतो, तो नंतर पोचलेला असू शकतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. सायमो नावाच्या खेकड्याचं असंच झालं. ‘व्हाइट सिंड्रोम’ हा ऊती मारणारा रोग झालेल्या ॲक्रोपोरा प्रवाळावर हे खेकडे गोळा होऊन रोगट भागावर चरताना दिसत, म्हणून संशय त्यांच्यावर. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खेकडे काढून पाहिले, तर रोग उलट अधिक वेगाने पसरला. तेव्हा आधी पाण्याचा खारटपणा, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद), दिव्याची तीव्रता पाहावी आणि मग टॉर्च घेऊन पहारा करावा.

गुन्हेगार नक्की झाला तर मात्र औषधाच्या बाटलीला हात लावू नये. तांब्याचं औषध कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ या सगळ्यांनाच मारतं. त्यापेक्षा एक काचेचा ग्लास दगडाला टेकून तिरका ठेवावा, तळाशी कोळंबीचा तुकडा टाकावा. खेकडा वासाने आत घसरतो, गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही. आमचा गोरिला क्रॅब तिसऱ्या रात्री असाच सापडला. तेव्हापासून तो संपावर आहे, म्हणजे ‘संप’ म्हणतात त्या टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत, आणि तिथलं सगळं उरलंसुरलं फस्त करतो.

एमराल्ड क्रॅब वरच आहे. त्याला आधी टँकच्या दुसऱ्या टोकाला वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा देतो, तो तिकडे गुंतला की मग प्रवाळाला दाणा भरवतो. दाणा गिळून तोंड मिटायला प्रवाळाला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात खेकड्याचं शेवाळ संपू नये, एवढा तुकडा मोठा असावा लागतो.