कंबर फिरवा म्हणतात, फिरायचा असतो खुबा

चाळिशीनंतर गोल्फ शिकायला गेलो तेव्हा पुण्यातल्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, पहिले पंधरा दिवस मला एकच सूचना मिळत होती. माझा बॉल उजवीकडे वळत वळत जाळीत जायचा आणि शेजारी उभा असलेला कॅडी, म्हणजे खेळाडूचं सामान वाहणारा मदतनीस, न चुकता म्हणायचा, "साहेब, हात नंतर. आधी कंबर." मी इमानेइतबारे कंबर फिरवली. बॉल सरळ गेला नाहीच, वर तिसऱ्या आठवड्यात वाकून बुटाची लेस बांधणं मुश्किल झालं.

कॅडीचं चुकलं नव्हतं, शब्दाने घात केला. आपल्याकडे पट्टा बांधतो ती कंबर, लचकते ती कंबर आणि डॉक्टरकडे जाऊन दुखते म्हणून सांगतो तीही कंबरच. स्विंगमध्ये, म्हणजे फटक्यासाठी काठी मागे नेऊन फिरवताना, जे वळायला हवं ते तिच्या खाली असतं. खुबा म्हातारपणी मोडतो तेव्हाच घरात त्याचं नाव निघतं.

कमरेतल्या पाच मणक्यांना मागच्या बाजूला छोटे सांधे असतात. ते जवळपास उभे असतात आणि त्यांच्या फटी पुढून मागे जातात. टेबलाचा खण जसा खाचांतून पुढेमागे सरकतो पण आडवा वळत नाही, तसंच इथे आहे. वाकायला मोकळीक, वळायला गेलं की एका बाजूचं हाड आडवं येतं. पाचही मणक्यांचं मिळून एका दिशेला वळणं जेमतेम दहा अंशांचं. त्यांच्या वरचे, फासळ्यांचे बारा मणके साधारण ३०-३५ अंश देतात. खुबा म्हणजे मात्र खोल वाटीत बसलेला मांडीच्या हाडाचा गोळा. तो आतल्या बाजूला ३०-४० अंश सहज वळतो, बाहेरच्या बाजूला बहुतेकांचा थोडा जास्तच.

आता हिशेब मांडू. चांगल्या खेळाडूचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे, वर पोचतो तेव्हा खांदे सुमारे ९० अंश वळलेले असतात आणि पेल्विस, म्हणजे दोन्ही खुबे जोडणारं हाडांचं कडं, सुमारे ४५. मधला फरक ४५ अंशांचा. फासळ्यांचे मणके पस्तीस देतात, कंबर दहा. कमरेची शिल्लक इथेच संपली. उरलेले ४५ अंश उजव्या खुब्याने, गुडघ्याची थोडी मदत घेऊन, उचलायचे असतात. (सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचं आहे. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) खुब्याने हात आखडता घेतला की उधारी कमरेच्या नावावर चढते. माझी तशीच चढली होती.

तुमचा खुबा वळतो की नाही हे घरच्या भिंतीपाशी कळतं. भिंतीकडे पाठ करून, बॉलसमोर उभे राहता तसे वाका. दोन्ही कुल्ले भिंतीला नुसते टेकलेले, हात छातीवर घडी घातलेले. मागच्या स्विंगसारखे उजवीकडे वळा. उजवा कुल्ला भिंतीलाच राहिला आणि डावा सुटला, तर खुबा वळला. संपूर्ण बूड उजवीकडे घसरलं, तर तुम्ही वळला नाहीत, सरकलात. मग डावीकडे या. आता डावा कुल्ला भिंतीवर यायला हवा. आम्हा नवशिक्यांचे इथे दोन्ही कुल्ले भिंत सोडतात, पोट बॉलकडे जातं आणि माणूस उभा राहतो. हातांना जायला वाट उरत नाही, मग मनगटं काहीतरी सारवासारव करतात. त्या सारवासारवीतून बॉल कुठे जाईल ते मनगटांनाही माहीत नसतं.

इतका वेळ मागे जाण्याबद्दल बोललो. त्याला जवळपास पाऊण सेकंद मिळतो. खाली यायला पाव सेकंद, आणि खरी गंमत त्या पाव सेकंदात आहे. जाणत्या खेळाडूचा क्लब अजून मागे जात असतानाच पेल्विस डावीकडे निघालेलं असतं. त्यामुळे पोटाच्या तिरक्या स्नायूंना क्षणभर जास्तीचा ताण बसतो. मग क्रमाने छाती, हात आणि शेवटी क्लब वेग घेतात. पेल्विसचा कमाल वेग सेकंदाला चारपाचशे अंश, क्लबचा दोन हजारांवर. व्यावसायिक पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचं, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबचं, डोकं ताशी १८० किलोमीटरच्या पुढे धावतं आणि ४६ ग्रॅमच्या बॉलला फक्त अर्ध्या मिलिसेकंदापुरतं भेटतं.

मग पेल्विस जितकं जोरात फिरवू तितकं उत्तम? मलाही तसंच वाटायचं. पण सेन्सर लावून केलेल्या मोजमापांत चांगल्या खेळाडूंचं पेल्विस बॉलला क्लब लागण्याआधीच मंदावलेलं दिसतं. एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला की उभे प्रवासी पुढे झेपावतात. पेल्विस थबकतं तेव्हा छाती पुढे जाते, छाती थबकते तेव्हा हात. पोतराजाचा आसूड असाच चालतो. जाड मूठ थांबते, वेग बारीक होत जाणाऱ्या दोरातून पुढे पळतो आणि टोक ध्वनीचा वेग ओलांडतं तेव्हा फटका वाजतो. मूठ फिरतच राहिली तर आसूड नुसता हवेत लोंबेल.

हा ब्रेक लावतो डावा पाय. वजन आधी डाव्या पावलावर येतं, मग वाकलेला गुडघा सरळ होत जमीन खाली ढकलतो. लांब मारणाऱ्यांच्या त्या एका पावलाखालचा दाब क्षणभर सगळ्या शरीराच्या वजनापेक्षाही जास्त भरतो. जमिनीचा वाटा किती मोठा आहे ते पाहायचं तर गुळगुळीत फरशीवर मोजे घालून, रिकाम्या हाताने स्विंग करून बघा. पावलं एकीकडे, धड दुसरीकडे. (जवळ टीपॉय नको.) वजन डावीकडे न आणता नुसती फिरकी मारली की खांदेही सोबत फिरतात, क्लब बाहेरून आत कापत येतो आणि बॉल उजवीकडे वळतो. माझी जाळीतली सगळी कमाई ही.

खुब्यांनी सुरुवात करा हे ठासून सांगणाऱ्यांत अमेरिकन गोल्फर बेन होगनचं नाव पहिलं येतं. २ फेब्रुवारी १९४९ ला टेक्सासमध्ये, धुक्यात, ओव्हरटेक करणारी बस त्याच्या गाडीवर समोरून आदळली. बायकोला वाचवायला तो तिच्या अंगावर आडवा झाला. पेल्विस मोडलं, गळपट्टीचं हाड आणि डावा घोटाही. पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती. जून १९५० मध्ये पायांना बँडेज गुंडाळून त्याने मेरियनच्या मैदानावर यूएस ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली. शेवटच्या दिवशी ३६ होल, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या, बरोबरी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी १८. डावं पाऊल काटकोनाच्या पाव भागाइतकं, म्हणजे साधारण २२ अंश, बाहेर वळवून उभं राहा, असं तो शिकवायचा. पाऊल आधीच वळलेलं असलं की शेवटी डाव्या खुब्याला तेवढं कमी वळावं लागतं.

आता आपल्या खुब्यांचं. आम्ही मांडी घालून जेवणारी माणसं, आमचे खुबे मोकळे असणारच, असा माझा समज होता. पण मांडी घालताना खुबा बाहेर वळतो. स्विंगमध्ये, मागे जाताना उजवा आणि शेवटी डावा, आत वळावा लागतो. खुर्चीवर बसा, गुडघे जवळ ठेवा आणि एक पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. ही खुब्याची आतली फिरकी. डावं पाऊल फारसं हललं नाही तर तुमच्या पाठदुखीचं मूळ तिथे असू शकतं. पाठदुखी असलेल्या गोल्फरांत हा डावा खुबा अनेकदा आखडलेला आढळतो.

आखडलेल्यांना एक वाट आहे. मागे जाताना डावी टाच उचलू द्यायची, की पेल्विसला आणखी काही अंश फुकट मिळतात. अठरा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकलेला जॅक निकलस आयुष्यभर टाच उचलून खेळला. मीही उचलतो. कॅडी आता "कंबर" म्हणत नाही. बॉल उजवीकडे गेलाच, तर माझ्या बुटाकडे बघून म्हणतो, "साहेब, टाच टेकवली नाही."