‘बरोबर’पासून ‘वाजवी’पर्यंत: लेखापरीक्षकाच्या शब्दाची पार्श्वभूमी

आपल्याकडच्या बहुतेक पतसंस्थांच्या दारावर एक पाटी असते: ‘ऑडिट वर्ग अ’. ठेव ठेवायला आलेला माणूस ती वाचतो आणि निर्धास्त होतो. ऑडिट झाले, ‘अ’ मिळाला, म्हणजे पैसे सुरक्षित, असे त्याला वाटते. लेखापरीक्षक मात्र अहवालात एवढी मोठी हमी देत नाही. तो ‘मत’ देतो. हमी आणि मत यांतले अंतर कसे पडत गेले, हे कळल्याशिवाय लेखापरीक्षणाची मूलतत्त्वे नीट उमगत नाहीत.

हिशेब तपासणे आपल्याला नवे नाही. शिवकालीन राज्यव्यवहारात जमाखर्चाची तपासणी मुजुमदाराकडे, म्हणजे अमात्याकडे होती. पुढे पेशवाईत फडणिसांच्या दफ्तराचा दरारा होता. पण तो तपासनीस धन्याचा माणूस होता आणि कारकुनांचा हिशेब धन्यासाठी पाहत होता. आधुनिक लेखापरीक्षकाची जागा वेगळी आहे. भागभांडवल हजारो लोकांचे, कारभार मूठभर संचालकांचा, आणि त्या संचालकांनी मांडलेला हिशेब खरा आहे का, हे भागधारकांना सांगणारा तिसरा माणूस म्हणजे लेखापरीक्षक.

ही तिसरी जागा इंग्लंडमध्ये १८४४ च्या कंपनी कायद्याने निर्माण केली. १८५६ मध्ये लेखापरीक्षणाची सक्ती काढून घेतली गेली आणि १९०० मध्ये ती सगळ्या कंपन्यांसाठी परत आली. मधल्या काळात मुंबईनेही चटका सोसला. अमेरिकी यादवीमुळे कापसाचा पैसा इथे धो धो आला, शेअरांचा सट्टा पेटला, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच सारे कोसळले. शेअर तारण ठेवून कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बुडाली. तिच्या चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला.

भारतात ठोस चौकट आली ती १९१३ च्या कंपनी कायद्याने. सार्वजनिक कंपन्यांचे हिशेब तपासायला सरकारी प्रमाणपत्र असलेलाच माणूस हवा, असे ठरले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले आणि १९१८ पासून मुंबई सरकारची ‘जी.डी.ए.’ ही लेखाशास्त्राची पदविका. उमेदवारी आणि परीक्षा दोन्ही पार केल्यावरच ती हाती पडे. आजच्या सीएच्या आर्टिकलशिपचे, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीचे, मूळ या मुंबईच्या पदविकेत सापडते, ही मला फार अभिमानाची गोष्ट वाटते. १९३२ मध्ये सरकारी नोंदवहीत नाव असलेले ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ आले, आणि १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची संस्था, आयसीएआय, स्थापन झाली.

आता शब्दाकडे येऊ. १९१३ च्या कायद्यात लेखापरीक्षकाने ताळेबंद ‘खरा आणि बरोबर’ आहे का, ते सांगायचे होते. १९५६ च्या कायद्यात ‘खरा आणि वाजवी’ असा बदल झाला. ‘बरोबर’ म्हटले की पैन् पै जुळल्याचा भास होतो. पण ताळेबंदात अंदाज असतात: यंत्राची झीज किती, बुडीत कर्जासाठी तरतूद किती, पडून असलेल्या मालाची किंमत काय. त्यात हजारो पावत्यांपैकी काहीच नमुन्यादाखल तपासल्या जातात. म्हणून मत मिळते ते ‘वाजवी खात्री’चे. ही खात्री वरच्या दर्जाची असते, पण शंभर टक्के नव्हे. तिमाही निकालांच्या ‘लिमिटेड रिव्ह्यू’त, म्हणजे मर्यादित तपासणीत, तर ती आणखी पातळ होते. तिथे लेखापरीक्षक फक्त एवढेच म्हणतो, की वावगे काही नजरेस आले नाही.

वाजवी खात्रीसाठी नेमके करायचे काय, हे मुख्यतः फसवणुकींनी शिकवले. १८९६ च्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यात व्यवस्थापकाने शिल्लक माल फुगवून दाखवला होता आणि लेखापरीक्षकांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता. इंग्रज न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. लेखापरीक्षक हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे वाक्य त्याच निकालातले. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत मॅक्केसन अँड रॉबिन्स ही औषध कंपनी उघडी पडली. तिच्या हिशेबातला सुमारे १.९ कोटी डॉलरचा माल आणि येणी मुळात अस्तित्वातच नव्हती. लेखापरीक्षक गोदामात गेलेच नव्हते, कारण तशी प्रथा नव्हती. दुसऱ्याच वर्षी तिथल्या व्यवसायाने नियम केला: मालाची मोजणी स्वतः हजर राहून पाहायची आणि देणे किती, हे ऋणकोंना थेट विचारायचे.

सत्तर वर्षांनी हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीने तोच धडा पुन्हा दिला. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात अध्यक्षांनी कबूल केले, की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड व बँकशिल्लक खोटी आहे. बँकांकडून शिल्लक कळवून घेण्याच्या प्रक्रियेवर लेखापरीक्षकांनी स्वतःचा ताबा ठेवला नाही, ती कंपनीच्याच हाती राहू दिली, असा ठपका अमेरिकेच्या बाजार नियामकाने २०११ मध्ये ठेवला. माझ्या मते लेखापरीक्षणाचा गाभा इथे आहे. बँकेचे पत्र कोणाच्या हातून येते, हे पत्रातल्या आकड्याइतकेच महत्त्वाचे असते.

यानंतर २०१३ चा कंपनी कायदा आला. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठराविक मोठ्या कंपन्यांत एकाच लेखापरीक्षक फर्मला सलग दहा वर्षांची मर्यादा पडली, आणि २०१८ मध्ये लेखापरीक्षकांवर नजर ठेवणारा एनएफआरए हा स्वतंत्र नियामक उभा राहिला.

तरीही २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या ठेवीदारांना रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता आले. एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जे २१,०४९ बनावट खात्यांआड लपवल्याचे तपासात पुढे आले. लेखापरीक्षक वेळेअभावी नव्याने वाढलेली कर्जेच तपासत, जुनी नाही, असे बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिले होते. नमुना कोणी आणि कुठून निवडला, यावर खात्रीची सारी किंमत ठरते.

कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालात एप्रिल २०१८ पासून मत अगदी वर छापले जाते आणि लगेच खाली त्या मताचा आधार. मत सशर्त, म्हणजे काही हरकत नोंदवून दिलेले असेल, तर कारण तिथेच सापडते. सहकारी संस्थांत २०१३ च्या दुरुस्तीपासून सर्वसाधारण सभाच सरकारी नामतालिकेतून लेखापरीक्षक निवडते. त्याने काढलेल्या चुकांवर संस्थेने काय केले, हे ‘दोष-दुरुस्ती अहवाला’त असते. दारावरच्या पाटीवर यातले काही नसते. सभासदाला तो अहवाल मागावा लागतो.