हॅचरीतल्या पिल्लाचं रिकामं पोट आणि साल्मोनेला

साल्मोनेला म्हटलं की आपण लगेच कच्चं अंडं, अर्धवट शिजलेलं चिकन, जुलाब-ताप यावर येतो. पण बऱ्याचदा खरी भानगड त्याच्या कितीतरी आधी, पिल्लू अंड्यातून बाहेर आलं त्याच दिवसांत सुरू झालेली असते.

गावरान कोंबडी खुडूक झाली की तिला अंड्यांवर बसवतात, पिल्लं निघाली की तिच्या मागे मागे उकिरडा उकरत फिरतात, तिच्या विष्ठेतही चोच घालतात, ऐकायला घाण वाटतं पण त्यातूनच आईच्या आतड्यातले चांगले बॅक्टेरिया पिल्लाच्या पोटात जातात. हॅचरीत आई नसतेच. अंडी मशीनमध्ये, 21 दिवसांनी पिल्लं ट्रेमध्ये, आतडं जवळपास रिकामं. अशा एक दिवसाच्या पिल्लाला साल्मोनेलाचे अगदी मोजके जंतू पुरतात, तेच दोन-तीन आठवड्यांचं झालं की कितीतरी जास्त लागतात. त्यात ब्रॉयलरमध्ये, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांमध्ये, बऱ्याचदा आजार दिसतच नाही हो, पक्षी नीट खातो, वजन धरतो आणि विष्ठेतून जंतू खालच्या तुसात, तिथून शेडभर.

1971 मध्ये फिनलंडमध्ये ब्रॉयलर फार्म्सवर साल्मोनेला इन्फँटिस हा साल्मोनेलाचाच एक प्रकार पसरला, खाद्यातून आला होता. तेव्हा नूर्मी आणि रांताला या दोन संशोधकांनी जे केलं ते मला फार भारी वाटतं. त्यांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला माल घेऊन नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तोंडातून पाजला आणि मग मुद्दाम साल्मोनेला दिला, तर बहुतेक पिल्लांना लागण झालीच नाही! 1973 मध्ये हे छापून आलं. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच, चांगले बॅक्टेरिया आधी जाऊन आतड्याच्या भिंतीवरची जागा धरतात, अन्न संपवतात, शिवाय अशी आम्लं तयार करतात की साल्मोनेलाला तिथे वाढणं अवघड होतं.

पुढे याची तयार प्रॉडक्ट्स आली, 1998 मध्ये अमेरिकेत 29 प्रकारच्या बॅक्टेरियांचं एक मिश्रण मंजूर झालं. हॅचरीत ट्रेमधल्या पिल्लांवर ते स्प्रे करायचं, पिल्लं एकमेकांच्या पिसांवरचे थेंब टिपतात आणि डोस आपोआप पोटात.

पण हे सगळं साल्मोनेलाच्या आधी पोचलं तरच. लागण झाल्यावर देऊन फारसा उपयोग नाही, आणि सोबत अँटिबायोटिक चालू असेल तर दिलेले बॅक्टेरियाच मरतात. साल्मोनेला एंटेरिटिडिस हा प्रकार तर कोंबडीच्या अंडाशयात शिरून कवच बनायच्या आधीच अंड्यात पोचू शकतो, मग पिल्लू बाहेर येतानाच जंतू घेऊन येतं, तिथे स्प्रेवर विसंबून भागत नाही, अंडी देणारे ब्रीडर पक्षीच स्वच्छ ठेवावे लागतात, त्यांचं टेस्टिंग, लस, उंदरांचा बंदोबस्त, सगळंच.