थोड्याशा किरणांनी प्रतिकारशक्तीचं काय होतं?

सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की आपण आधी हिमोग्लोबिन बघतो, मग प्लेटलेट्स. लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीचं काम करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, यांच्या ओळीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण किरणोत्साराचा अपघात झाला, तर डॉक्टरांची नजर तिथेच खिळलेली असते. पहिल्या दोन दिवसांत काही काही तासांनी रक्त काढायचं, लिम्फोसाइट किती झपाट्याने घसरताहेत ते बघायचं, आणि त्यावरून माणसाला किती मात्रा बसली असेल याचा अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत आहे.

लिम्फोसाइट किरणांपुढे फार हळव्या. डीएनए तुटला तरी बाकीच्या बऱ्याच पेशी तशाच रेटत राहतात आणि विभाजनाची वेळ आली की अडखळतात. लिम्फोसाइट तेवढी वाट बघत नाही, बसल्या जागी स्वतःला संपवते. लिम्फोसाइटच्या बी आणि टी अशा जाती असतात, त्यात बी पेशी टी पेशींहून नाजूक. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, मात्र चिवट.

हे झालं मोठ्या मात्रेचं. अंगात किती किरण मुरले ते ‘ग्रे’मध्ये मोजतात. संपूर्ण अंगावर एकदम 4 ग्रेच्या आसपास किरण पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दगावतात. ‘कमी मात्रा’ म्हणजे 100 मिलिग्रेच्या खालची, म्हणजे याच्या चाळिसाव्या हिश्शाहूनही कमी. छातीच्या सीटी स्कॅनला काही मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या परिणामाचं माप, क्ष-किरणांसाठी ढोबळमानाने मिलिग्रेइतकंच) लागतात, साध्या एक्स-रेला 0.1 किंवा त्याहूनही कमी. आणि काहीच न करता, माती, हवा, अन्न आणि आकाशातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच.

केरळमध्ये कोल्लमजवळच्या करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर हा आकडा बराच वर जातो. तिथल्या काळसर वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे आणि मोनाझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियम. या पट्ट्यातल्या सुमारे 70,000 लोकांवर दहा वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. वाळूच्या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं त्यात दिसलं नाही. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी तिथल्या रहिवाशांचं रक्त तपासलं. लिम्फोसाइट आणि त्यांच्या जोडीच्या पांढऱ्या पेशींमध्ये डीएनएचे दोन्ही धागे तुटण्याचं प्रमाण जास्त आढळलं नाही. मात्रा वर्षभर थेंबाथेंबाने येते आणि पेशीला डागडुजीला सवड मिळते, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

म्हणून लगेच ‘थोडा किरणोत्सार अंगाला चांगला’ असं म्हणायला जाऊ नका. अपाय न दिसणं आणि फायदा होणं यात फार अंतर आहे. प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून गळ्यात घालायची ‘ऊर्जा’ पेंडंट विकतात ना, तसल्या वस्तू 2021 मध्ये नेदरलँड्सच्या सरकारी यंत्रणेने तपासल्या, तर त्यांतून चक्क किरणोत्सार निघत होता. सतत कातडीला चिकटवून ठेवायची ही वस्तू नव्हे.

डॉक्टरांच्या तोंडी मात्र ‘कमी मात्रा’ हे शब्द वेगळ्या मापाने येतात. जर्मनीत टाचदुखीला आणि झिजलेल्या गुडघ्यांना क्ष-किरणांचे शेक देण्याची जुनी प्रथा आहे. एका वेळी अर्धा ते एक ग्रे, तोही फक्त दुखऱ्या भागावर. इथे प्रतिकारशक्ती वाढवायची नसते, तिला शांत करायचं असतं. सूज येते तेव्हा पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात आणि भिंतीतून सरकून दुखऱ्या जागी पोचतात. प्रयोगशाळेत अर्ध्या ग्रेच्या आसपास हे चिकटणं कमी झालेलं दिसतं, आणि चवताळलेले मॅक्रोफेज सूज वाढवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी सोडतात. गंमत म्हणजे मात्रा वाढवत नेली की हा गुण वाढत नाही, नाहीसा होतो. बऱ्याच मोठ्या मात्रेला तर सूज उलट भडकते.

कागदावर हे सुरेख आहे. पण 2018 साली नेदरलँड्समध्ये हाताच्या आणि गुडघ्याच्या संधिवाताचे दोन प्रयोग झाले. निम्म्या पेशंटना खरे किरण दिले, निम्म्यांना यंत्राखाली नुसतंच झोपवलं. दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक पडला नाही.

कोविडमध्ये हीच गोष्ट पुन्हा घडली. 2020 साली दिल्लीच्या एम्समध्ये 10 पेशंटच्या फुप्फुसांना एकदाच 0.7 ग्रे दिले गेले. कॅन्सरच्या पेशंटला ‘लाइट’ देतात, त्याच प्रकारचा उपचार. बहुतेक जण बरे झाले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि कोविडमधून बहुतेक जण तसेही बरे होतच होते. पुढे स्वित्झर्लंडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या 22 पेशंटवर खरे आणि खोटे किरण देऊन पडताळा घेतला, तेव्हा फायदा काही दिसला नाही.

या शेकांची किंमतही जुन्या नोंदींत सापडते. मणक्याच्या ताठरपणाच्या आजारासाठी, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससाठी, ब्रिटनमध्ये हजारो पेशंटच्या पाठीला क्ष-किरण दिले जात. मात्रा आजच्या मानाने पुष्कळ मोठ्या होत्या. दुखणं हलकं व्हायचं. मग 1957 साली कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल या ब्रिटिश संशोधकांनी 13,000हून अधिक पेशंटचा हिशोब मांडला. त्यांच्यात रक्ताच्या कॅन्सरने झालेले मृत्यू अपेक्षेच्या कित्येक पट निघाले. जर्मनीतही असे शेक आज चाळिशीच्या आतल्या पेशंटला सहसा देत नाहीत.